व्हूप रेसचा लॅप टायमर: सर्किट सोपं, गेट अवघड

गोरेगावच्या चार कॉलेजकुमारांचा प्रश्न आहे. पावसाळ्यात ते सोसायटीच्या हॉलमध्ये ६५ मिलिमीटरचे व्हूप, म्हणजे तळहातावर मावणारे रेसिंग ड्रोन, उडवतात. उडवताना गॉगलमध्ये दिसणारा व्हिडिओ ॲनालॉग. लॅप, म्हणजे ट्रॅकची एक फेरी, मोजायला एक जण मोबाईलचं स्टॉपवॉच घेऊन उभा राहतो, आणि मग प्रत्येक रेसनंतर वाद. तयार टायमर खिशाला परवडत नाही, पण सोल्डरिंग येतं आणि थोडंफार प्रोग्रॅमिंगही. इन्फ्रारेड घ्यावं की रेडिओ, आर्डुइनो की ईएसपी३२ (दोन्ही प्रोग्रॅम करता येणारे छोटे बोर्ड), एकाच रिसीव्हरवर चौघांचं भागेल का, आणि एवढं करून तो किती अचूक निघेल, असं त्यांनी विचारलंय.

आधी निकाल सांगून टाकतो: रेडिओ, ईएसपी३२, आणि माणशी एक रिसीव्हर. पण या निवडीत फार अडकू नका. जोडणी एका रविवारी होईल. खरी मेहनत पुढे आहे, कारण वेळ मोजणं हे टायमरचं अवघड काम नाहीच. वेळ कुठलंही दहा रुपयांचं घड्याळ मोजतं. क्वाड, म्हणजे चार पंख्यांचा ड्रोन, ‘आत्ता’ ट्रॅकवरच्या गेटमधून (कमानीतून) गेला हे ठरवणं अवघड. त्या ‘आत्ता’साठीच मी बहुतेक जागा खर्च करणार आहे.

इन्फ्रारेड पद्धतीत प्रत्येक क्वाडवर ठरावीक कोड मिचकावणारा एलईडी लावतात आणि गेटवरचा सेन्सर तो वाचतो. पद्धत चांगली आहे, पण व्हूपवर एक ग्रॅम वाढला तरी हाताला कळतं. क्वाड तिरका झाला, एलईडी दुसरीकडे वळला की लॅप गेला. उलट व्हिडिओ ट्रान्समीटर, म्हणजे व्हीटीएक्स, प्रत्येक क्वाडवर असतोच आणि तो ५.८ गिगाहर्ट्झवर अखंड चालू असतो. रेडिओ टायमर चित्र बघतच नाही, त्या चॅनेलचा सिग्नल किती जोरात येतोय एवढंच मोजतो. गणपतीचं ढोलपथक गल्लीतून जाताना खिडकीशी न जाताही कळतं, की आत्ता ते आपल्या बिल्डिंगखाली आहे, त्यातलाच प्रकार. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की सिग्नल ६ डेसिबलने पडतो. म्हणजे गेटमध्ये एक मीटरवर असलेला क्वाड आणि हॉलच्या दुसऱ्या टोकाला दहा मीटरवर असलेला क्वाड यांत २० डेसिबलचा फरक. एवढा फरक स्वस्तातला रिसीव्हरही ओळखतो.

तो स्वस्तातला रिसीव्हर म्हणजे आरएक्स५८०८. पोस्टाच्या तिकिटाएवढं हे मॉड्यूल जुन्या एफपीव्ही (ड्रोनच्या कॅमेऱ्यातून बघायच्या) गॉगलमध्ये सर्रास असायचं, आणि घरगुती टायमरची सगळी दुनिया त्याच्यावर उभी आहे. त्याच्या एका पायावर (पिनवर) सिग्नलच्या जोराप्रमाणे व्होल्टेज मिळतं, साधारण अर्ध्या व्होल्टपासून एक-सव्वा व्होल्टपर्यंत. याला सगळे आरएसएसआय म्हणतात. चॅनेल बदलायला सीएच१, सीएच२, सीएच३ या तीन तारा: डेटा, सिलेक्ट आणि क्लॉक. घेताना एवढं बघा की मॉड्यूल एसपीआयवर, म्हणजे या तीन तारांतून आकडे पाठवायच्या पद्धतीवर, चालणारं आहे ना. जुन्या प्रतींत त्या तीन तारा साध्या स्विचसाठी जोडलेल्या असतात. पत्र्याचं झाकण उचलून आतला एक बारीक रेझिस्टर काढल्याशिवाय एसपीआय बोलत नाही. लॅमिंग्टन रोडवर ईएसपी३२, कपॅसिटर, हेडर, तारा सगळं मिळेल. हे मॉड्यूल तिथे नेहमी असेलच असं नाही, त्यामुळे ग्रँट रोडला उतरण्याआधी फोन करून घ्या, नाहीतर ऑनलाइन मागवा. एक जादा घ्या. झाकण काढताना एखादं मॉड्यूल शहीद होतंच.

फ्रिक्वेन्सी लावायचं गणित सोपं आहे. मेगाहर्ट्झमधून ४७९ वजा करा, दोनाने भागा. आलेल्या पूर्णांकाला ३२ ने भागा: भागाकार एका जागी, बाकी दुसऱ्या जागी. ५८०० साठी २६६० येतात, म्हणजे भागाकार ८३ आणि बाकी ४. भागाकार सात बिट डावीकडे सरकवून त्यात बाकी मिळवली की रजिस्टरचा आकडा तयार. एकूण २५ बिट पाठवायचे आणि सगळ्यात उजवीकडचा, म्हणजे सगळ्यात कमी किमतीचा बिट आधी. बरेच जण इथे उलट्या क्रमाने बिट पाठवतात आणि मॉड्यूल खराब निघालं म्हणून दुकानदाराशी भांडतात.

आता ईएसपी३२ का, तर तीन कारणांनी. त्याचं लॉजिक ३.३ व्होल्टचं आहे, त्यामुळे तीनही तारा थेट जोडता येतात. मॉड्यूलला वीज मात्र ५ व्होल्टची द्या. वायफाय अंगचं आहे, मोबाईलचा ब्राउझर हाच डिस्प्ले होतो. आणि कोअर दोन आहेत: आर्डुइनोच्या वातावरणात वायफाय एका कोअरवर चालतं आणि तुमचा लूप दुसऱ्यावर, त्यामुळे कोणी पान रिफ्रेश केलं म्हणून मोजणी अडखळत नाही. एक पथ्य पाळा. आरएसएसआयची तार ३२ ते ३९ या क्रमांकांच्या पायांवरच लावा. बाकीचे ॲनालॉग पाय दुसऱ्या एडीसीवर (व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या भागावर) आहेत आणि वायफाय चालू असताना ते वाचता येत नाहीत. ईएसपी३२ चा एडीसी सरळ रेषेत वाचत नाही अशी तक्रार तुम्ही ऐकली असेल. खरी आहे, पण आपल्याला काही फरक पडत नाही. सिग्नल नेमका किती डेसिबल हे कोणाला हवंय? तो वाढतोय की उतरतोय एवढं कळलं की झालं. आरएसएसआयच्या तारेवर ग्राउंडकडे शंभर नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावा, आकड्यांची थरथर कमी होते.

एकच मॉड्यूल चार चॅनेलवर आळीपाळीने फिरवण्याचा मोह सगळ्यांना होतो. चॅनेल बदलल्यावर आरएसएसआय स्थिर व्हायला साधारण तीस मिलिसेकंद जातात. चार चॅनेलची फेरी म्हणजे १२० मिलिसेकंदांच्या वर. सेकंदाला पाच मीटर वेगाचा व्हूप तेवढ्यात ६० सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. एवढ्या अंतरात सिग्नलचं शिखर येऊन जाईल आणि तुम्हाला पत्ताही लागणार नाही. माणशी एक मॉड्यूल, याला पर्याय नाही. मात्र चार ईएसपी३२ लागत नाहीत. एकाच बोर्डावर चार मॉड्यूल बसतात: डेटा आणि क्लॉकची तार सगळ्यांना मिळून एक, सिलेक्ट प्रत्येकाला वेगळी, आरएसएसआय चार वेगळ्या पायांवर. दोन मॉड्यूलच्या मध्ये दोन-चार सेंटिमीटर अंतर ठेवा आणि झाकणं परत बसवा. प्रत्येक मॉड्यूल दोनशे मिलिअँपिअरच्या आसपास खातं, तेव्हा चौघांसाठी पुरेसा करंट देणारी पॉवर बँक हवी. बोर्डाच्या ५ व्होल्टच्या पिनमधून सगळं ओढू नका. पॉवर बँकेतून थेट जाड तार घ्या.

एकच बोर्ड घेण्याचा दुसरा फायदा घड्याळाचा. काही स्वस्त आर्डुइनो बोर्डांवर क्वार्ट्झऐवजी सिरॅमिक रेझोनेटर असतो आणि त्याची चूक अर्धा टक्का असू शकते. ३० सेकंदांच्या लॅपमध्ये ही चूक १५० मिलिसेकंदांवर जाते. माणशी एक आर्डुइनो नॅनो दिलात तर प्रत्येकाचं घड्याळ वेगळं आणि रेस कोण जिंकलं ते रेझोनेटर ठरवणार. ईएसपी३२ वर क्रिस्टल असतो, तेवढ्याच लॅपमध्ये त्याची चूक मिलिसेकंदाच्या आत राहते. शिवाय घड्याळ चौघांना एकच, म्हणजे जी काही चूक होईल ती सगळ्यांना सारखी.

आता तो ‘आत्ता’.

पहिल्यांदा बनवणारे एक मर्यादा ठरवतात: आरएसएसआय तिच्या वर गेला की लॅप. घरात चालतं, रेसमध्ये फसतं. हॉलमध्ये भिंती, लोखंडी शटर, फरशी, पंखे यांच्यावरून लहरी परतून येतात आणि एकमेकींत मिसळतात. ५.८ गिगाहर्ट्झची तरंगलांबी पाच सेंटिमीटरच्या जरा वर आहे, म्हणून दर अडीच सेंटिमीटरला सिग्नल खाली-वर होऊ शकतो. क्वाड गेटकडे येताना आलेख गुळगुळीत डोंगरासारखा दिसत नाही, करवतीसारखा दिसतो. एकच मर्यादा असेल तर करवतीचे दात ती पाच वेळा ओलांडतात आणि एका फेरीचे पाच लॅप होतात.

म्हणून मर्यादा दोन ठेवायच्या: आत येण्याची वरची, बाहेर पडण्याची खालची. आरएसएसआय वरचीच्या वर गेला की क्वाड गेटच्या परिसरात आला असं धरायचं आणि तिथून सगळ्यात मोठा आकडा व त्याची वेळ लक्षात ठेवायची. खालचीच्या खाली उतरला की परिसर सोडला. आता लॅप जाहीर करायचा, पण वेळ शिखराची लावायची, जाहीर केल्याची नाही. त्यामुळे बीप क्षणभर उशिरा वाजतो. ‘टायमर लेट आहे’ अशी बोंब प्रत्येक नव्या ग्रुपमध्ये होते. त्यांना सांगा, बीप लेट आहे, वेळ नाही. क्वाड रिसीव्हरच्या फार जवळून गेला तर आरएसएसआय कमाल आकड्याला टेकतो आणि शिखराऐवजी पठार मिळतं. अशा वेळी पठाराची सुरुवात किंवा शेवट नको, मधली वेळ घ्या.

दात बोथट करायला फिल्टर लागतो. प्रत्येक चॅनेल सेकंदाला हजार वेळा वाचा. पाच मीटर वेगाला अडीच सेंटिमीटर म्हणजे पाच मिलिसेकंद, तेव्हा वीस-तीस मिलिसेकंदांची सरासरी घेतली की बरेचसे दात विरतात. सरासरीमुळे शिखर थोडं उशिरा दिसतं हे खरं, पण तो उशीर प्रत्येक फेरीत जवळपास तेवढाच असतो, आणि लॅप म्हणजे दोन शिखरांमधलं अंतर. वजाबाकीत उशीर निघून जातो. लोक कालमन फिल्टरही लावतात, लावा हवा तर, पण साध्या सरासरीवर समाधान होईपर्यंत त्याच्या वाटेला जाऊ नका.

मर्यादांचे आकडे मी सांगून उपयोग नाही, ते हॉलचे असतात. पद्धत सांगतो. मॉड्यूल चालू करून पाच-दहा मिनिटं तापू द्या, कारण गरम झाल्यावर आकडे थोडे सरकतात. चौघांचेही व्हीटीएक्स रेसमध्ये असतील तसेच चालू ठेवा. मग एकाने दोन-तीन फेऱ्या माराव्यात आणि आलेख मोबाईलवर बघावा. समजा एरवी आकडा ४० ते ७० मध्ये खेळतोय, ट्रॅकच्या सगळ्यात जवळच्या वळणावर ९० होतोय आणि गेटमध्ये १४०. तर वरची मर्यादा १२०, खालची १०५. खालची ४० च्या जवळ नेलीत तर क्वाड परिसरातून बाहेर पडलाच नाही असं टायमर समजेल आणि पुढचा लॅप गिळेल. चौघांचे आकडे वेगळे येतील; प्रत्येक व्हीटीएक्स आणि प्रत्येक मॉड्यूल वेगळं असतं. जोडीला किमान लॅपची वेळ टाका. हॉलमधला ट्रॅक आठ सेकंदांचा असेल तर पाच सेकंदांच्या आतला लॅप मोजूच नये. पहिलं शिखर लॅप नाही, ती सुरुवात.

वरच्या उदाहरणात ९० आणि १४० यांत ५० चं अंतर मिळालं ते गेटच्या जागेमुळे. हे कोडने मिळत नाही. टायमरचं गेट अशा ठिकाणी घ्या जिथे ट्रॅकचा दुसरा कुठलाही भाग तीन-चार मीटरच्या आत येत नाही आणि जिथून क्वाड सरळ, वेगात जातो. वळणाच्या तोंडाशी गेट ठेवलंत तर क्वाड शिखराभोवती रेंगाळतो आणि नेमकी वेळ पुसट होते. पायलट गॉगल लावून बसतात ती जागाही गेटपासून लांब हवी. रेस संपल्यावर क्वाड हातात घेऊन गेटजवळून चालत जाणारा एक तरी महाभाग असतो आणि त्याचा लॅप फार भारी लागतो.

अँटेनाबद्दल फारसं कोणी बोलत नाही. टायमर गेटखाली जमिनीवर ठेवून अँटेना सरळ वर उभी केली की झालं, असं वाटतं. साध्या उभ्या अँटेनाला तिच्या टोकाच्या दिशेने जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. म्हणजे क्वाड बरोबर डोक्यावर आला की सिग्नल पडतो आणि आलेखात एका शिखराची दोन शिंगं होतात. अँटेना आडवी झोपवा, क्वाडच्या उडण्याच्या दिशेला समांतर. आता तिचे बहिरे कोपरे पुढे आणि मागे गेले, म्हणजे येणारा आणि जाणारा क्वाड कमी ऐकू येतो आणि डोक्यावरचा जास्त. शिखर टोकदार होतं. व्हूपची अँटेना उभी आणि आपली आडवी, त्यामुळे सिग्नल थोडा घटतो, पण मीटरभर अंतरावर सिग्नलचा तुटवडा नसतो. उलट तो जास्तच असतो. तरीही पठार येत असेल तर अँटेना काढून दोन-तीन सेंटिमीटरची उघडी तार ठेवा. चांगली अँटेना लावून टायमर बिघडवणं सहज जमतं.

चॅनेलचा विषय चौघांसाठी महत्त्वाचा आहे, आणि इथे आपल्या देशाची एक गोष्ट आड येते. रेसबँड या रेसिंगसाठीच्या चॅनेलसंचाचे आठ चॅनेल ५६५८ पासून ५९१७ मेगाहर्ट्झपर्यंत, ३७-३७ च्या समान अंतरावर आहेत. दिसायला नीटनेटकं, पण याच समान अंतरात घोळ आहे. दोन ट्रान्समीटर जवळजवळ चालू असले की त्यांच्या मिश्रणातून नको असलेल्या फ्रिक्वेन्सी तयार होतात. त्यातली सगळ्यात त्रासदायक म्हणजे एकीची दुप्पट वजा दुसरी. पहिला चॅनेल ५६५८, दुसरा ५६९५. दुसऱ्याची दुप्पट वजा पहिला बरोबर ५७३२, आणि तो आहे रेसबँडचा तिसरा चॅनेल. तिसऱ्या पायलटच्या गॉगलमध्ये रेघा आणि त्याच्या नोडवर, म्हणजे टायमरमधल्या त्याच्या रिसीव्हरवर, भुताचे लॅप.

भारतात २०१८ च्या अधिसूचनेने ५४७० ते ५७२५ आणि ५७२५ ते ५८७५ मेगाहर्ट्झ हे पट्टे ठरलेल्या शक्तीमर्यादेत परवान्यातून मुक्त केले. रेसबँडचे सातवा (५८८०) आणि आठवा (५९१७) चॅनेल त्याच्या बाहेर पडतात. परदेशातले व्हिडिओ बघून लोक आठवा चॅनेल बिनधास्त लावतात. चौघांना त्याची गरजच नाही. रेसबँडचे पहिले दोन, म्हणजे ५६५८ आणि ५६९५, आणि एफ बँड या दुसऱ्या चॅनेलसंचाचे दुसरा आणि चौथा, म्हणजे ५७६० आणि ५८००, हे चार घ्या. चारही मुक्त पट्ट्यांत आहेत आणि वरच्या वजाबाकीतून येणारी कुठलीही फ्रिक्वेन्सी यांतल्या एकीच्याही २५ मेगाहर्ट्झच्या आत येत नाही; कागदावर करून बघा. शक्ती सगळ्यांची २५ मिलिवॅट. एकाने २०० वर ठेवलं की बाकी तिघांचे आलेख खराब होतात.

सोसायटीच्या हॉलमध्ये आणखी एक पाहुणा असतो: वायफाय. ५ गिगाहर्ट्झच्या राउटरचे १४९ पासून पुढचे चॅनेल ५७३५ च्या वर चालतात आणि तुमचे एफ बँडचे दोन्ही चॅनेल त्यांच्या कुशीत आहेत. भिंतीपलीकडचा राउटर त्रास देत नाही, फक्त तळाचा आकडा वर येतो. हॉलमधलाच राउटर किंवा बघायला आलेल्यांचे हॉटस्पॉट मात्र बंद करायला लावा. ईएसपी३२ चं स्वतःचं वायफाय २.४ गिगाहर्ट्झवर आहे, त्याची व्हिडिओशी टक्कर नाही. रिमोट २.४ वर असेल तर टायमर पायलटपासून लांब ठेवला म्हणजे झालं.

अचूकता तपासायची असेल तर मोबाईल गेटच्या बरोबर बाजूला ठेवून सेकंदाला २४० फ्रेमवर स्लो मोशन चित्रीकरण करा. एक फ्रेम म्हणजे साधारण ४.२ मिलिसेकंद. क्वाड गेटची कड ओलांडतो त्या दोन फ्रेममधलं अंतर मोजा आणि टायमरच्या लॅपशी ताडून बघा. स्वच्छ गेट आणि झोपवलेली अँटेना असेल तर दोन-तीन शतांश सेकंदांचा फरक मी चांगला समजतो. क्वाड कधी डाव्या खांबाला चिकटून जातो, कधी मधून, कधी तिरका. शिखर तेवढं सरकणारच. म्हणून डिस्प्लेवर दोनच दशांश स्थळं दाखवा. तिसरं दाखवलंत की त्याच्यावरून भांडण सुरू.

सॉफ्टवेअर स्वतः लिहायलाच हवं असं नाही. एकट्याच्या सरावासाठी फोबोस एलटी हा मुक्त प्रकल्प आहे: एक ईएसपी३२, एक आरएक्स५८०८, मोबाईलवर पान उघडलं की आकडे. माझा सल्ला, आधी हाच एक नोड बनवा आणि आलेख वाचायची सवय लावा. पाच-सहा संध्याकाळ नुसता आलेख बघण्यात गेल्या तरी हरकत नाही. मग चार मॉड्यूलच्या बोर्डासाठी स्वतःचा कोड लिहा. वर सांगितलेलं तर्कशास्त्र दोन-तीनशे ओळींत बसतं. पुढे आठ जण झालात, हीट (गटवार रेस), क्रमवारी, मोठ्या पडद्यावरचा निकाल असं सगळं लागलं, तर रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर चालणाऱ्या रोटरहॅझार्ड या टायमरकडे जा. तोही मुक्तच आहे, मॉड्यूल हीच वापरतो, म्हणजे आत्ताचा खर्च वाया जात नाही.

राहिलं मैदान. पाऊस थांबला की बाहेर उडवायचं मनात येईल. २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला २०२१ च्या ड्रोन नियमांत पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही, पण हवाई क्षेत्राचे नियम त्यालाही आहेत. सांताक्रूझचा विमानतळ, जुहूचा एरोड्रोम, नौदलाच्या जागा यांमुळे मुंबईचा बराच भाग लाल किंवा पिवळ्या पट्ट्यात, म्हणजे परवानगीशिवाय उडवता येत नाही अशा भागात, येतो, आणि पोलीस आयुक्तालयाचे ड्रोनबंदीचे आदेश वेळोवेळी निघत असतात. डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा आणि त्या आठवड्याचा आदेश दोन्ही बघून मगच मैदान ठरवा. गोरेगाव विमानतळापासून फार लांब नाही, तेव्हा तुमच्यासाठी बारा महिने हॉलच बरा. हॉलचं बुकिंग करताना सेक्रेटरींना ‘ड्रोन’ न सांगता आधी एक व्हूप हातात देऊन दाखवा.